खंडेनवमीची पलटण

बोटाच्या पेराएवढा घोडा आणि त्यावर तांदळाएवढ्या डोक्याचा स्वार. असली खेळणी जोडत बसलेला तिशीचा गडी पाहून कोहिनूर गावातल्या लोकांनी योगीराजची पोट भरून टिंगल केली. करू दे. पुण्याच्या कंपनीत प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची बोटं चेंगरली, तेव्हा यातलं कोण बघायला गेलं होतं?

बोटं राहिली, पकड गेली. त्याचा सुपरवायझर लिंगराज, आळंदकडचा. त्याला जुन्या परदेशी लढायांच्या प्लॅस्टिकच्या फौजा जमवायचा नाद. त्याने एक खोकं योगीराजच्या हातात दिलं.

"ही पलटण उजव्या हातानं जोडून आण अण्णा. साहेबासमोर ठेवतो. हात चालायलाय म्हणून दिसलं तर बारीक पार्ट जोडायला घेतील तुला. पण दसरा झाला की लगेच ये. मग जागा राहायची न्हाई."

तेव्हापासून तो खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या चौकटीतून एकेक स्वार ब्लेडने सोडवायचा, कानशीने घासायचा, सोल्युशन लावून घोड्यावर बसवायचा आणि घोडा जुन्या लग्नपत्रिकेच्या तुकड्यावर चिकटवायचा. वाळेपर्यंत दाबून धरायचं, नेमकी तिथंच बोटं दगा द्यायची. टपकन आवाज झाला की मोतीबिंदू झालेली आई चुलीपासून विचारायची, "परत पडला का रं?"

"पडला, माय," म्हणून तो पुन्हा सुरुवात करायचा. कधी चिडायचा, खोकं भिरकावून द्यावंसं वाटायचं. पण नवरात्र सरता सरता सगळी पलटण उभी राहिली. डुगडुगती का होईना, उभी. त्या आनंदात तो खंडेनवमीच्या सकाळी पुण्याच्या गाडीत जागा धरायला बसवकल्याणला गेला.

इकडे आईने, नागूबाईने, देवासमोर विळा मांडला, कुऱ्हाड मांडली, सासऱ्याची मेंढरं कातरायची कातर मांडली. ज्याच्या हाताला जे काम, त्याची आज पूजा. लेकाच्या हाताला कोणतं काम आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिने चाचपत पलटण आणून कातरीशेजारी ठेवली, हळद-कुंकू वाहिलं आणि सगळ्यांना सारखी आरती मिळावी म्हणून मधोमध कापराची वाटी पेटवली. एकदा नव्हे, लेक येईपर्यंत ती त्यात कापूर घालत राहिली.

योगीराज उंबऱ्यातच थांबला. घोड्यांच्या माना खाली ओघळल्या होत्या. स्वार एकमेकांच्या अंगावर कलंडून तिथंच घट्ट झाले होते, तलवारी वितळून वाती झाल्या होत्या. ओरडावं तर कुणावर? म्हातारी डोळे मिटून, हात जोडून बसली होती.

"आलास? ये, हिकडं बस." तिने त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि एकेका बोटाला कुंकू लावलं. मग त्या गोळ्यावर मायेने हात फिरवला, हलवून पाहिलं. तिचा चेहरा उजळला.

"बघ की, देवानं ऐकलं. आता ह्यातला एक बी पडंना. उद्या जा आन् दाखीव तुझ्या साहेबाला."

"व्हय, माय," योगीराज म्हणाला आणि देवासमोर वाकला.