एलिसेओचे गमबूट

मित्रांनो, मी एक जुना गमबूट, डाव्या पायाचा. कारखाना मला आठवत नाही. आठवतो नदीकाठच्या इकीतोस शहराचा बाजार, आणि तिथून नावेने दोन दिवसांवरचं जंगलातलं अभ्यासकांचं ठाणं. वाटाड्या एलिसेओच्या पायात मी नऊ वर्षं चाललो. जेरगोन हा तिथला विषारी साप पाचोळ्यात पाचोळ्यासारखाच पडून असतो. दोनदा तो माझ्यावर तुटून पडला. दात रबरावरून घसरले. लोकांनी मला शाबासकी दिली. मला काही वाटलं नाही. रबराला वाटत नसतं.

मग बेडकांचा अभ्यास करायला राडका आली. दुसऱ्याच दिवशी तिचे बूट फाटले. एलिसेओचं आणि तिचं माप एकच. त्याने मला जोडीसकट काढून तिला दिलं आणि स्वतः कापडी बूट घातले. त्याची बायको नेलिदा ठाण्यावर स्वयंपाक करायची. ती चुलीपासून उठून आली.

"शुक्रवारच्या नावेनं नवे बूट येतायत. तोवर थांब की."

"बाईंचे चारच दिवस उरलेत," तो म्हणाला. "आणि साप काय मला नवा आहे?"

"तू सापाला नवाच आहेस," नेलिदा म्हणाली.

राडकाने ऐकलं, पण मला काढलं नाही.

त्याच दिवशी जंगलात वाटेवर ओंडका आडवा होता. एलिसेओने शिकवल्याप्रमाणे ती वर चढली, पलीकडे पाहिलं, उतरली. मी पाचोळ्यात टेकलो. वीतभर अंतरावर जेरगोन होता. ती पुढे गेली. मागून एलिसेओ उतरला आणि साप त्याच्या डाव्या घोट्यावर डसला.

ती पट्टा काढून पाय आवळू लागली. तो शांतपणे म्हणाला, "बांधू नका. कापूही नका. मला चालवू नका, माणसं बोलवा."

झोळीतून त्याला नावेत नेलं. दवाखाना सात तासांवर होता. विषावरचं इंजेक्शन मिळालं, जीव वाचला, पाऊल गेलं.

राडकाने मला धुऊन नेलिदापुढे ठेवलं. नेलिदा युकाचे कंद सोलत राहिली.

आता मी खिळ्याला टांगलेला असतो. एलिसेओला माझा उपयोग नाही, आणि नेलिदा मला कुणाला देत नाही. माझ्या तळाला चिरा पडल्यात.

मित्रांनो, जंगलात जाल तेव्हा बूट जरूर घाला, आधी उलटे करून झटका. पण कुणी स्वतःच्या पायातले काढून देऊ लागला, तर घेऊ नका. त्या दिवशी ठाण्यावरच बसा.