सुका मासा आणि तीन डोळे

छांगवनच्या फोर्जिंग कारखान्यात, तापलेलं लोखंड ठोकून घडवतात तिथे, ज्वालाशोधकाचा भोंगा वाजला, तेलाचा पुरवठा तुटला, प्रेस थांबली आणि लालबुंद ठोकळा अर्धवट ठोकलेल्या अवस्थेत निवायला लागला. आग कुठेही नव्हती. मुकादम प्यो यांनी हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं आणि शांतपणे विचारलं, "मेंगबाई, तुमच्या डब्याला नेमकं काय बघवत नाही? आमची तोंडं?"

डबा, म्हणजे तो ज्वालाशोधक, मेंग सोराने बनवलेला होता. भट्टीसमोरच्या खांबावर बसवलेल्या त्या जाड पोलादी डब्याला पुढे नीलमण्याची काच होती, काचेमागे तीन डोळे होते, आणि त्या तीन डोळ्यांपायी सोराचे स्वतःचे दोन अधू झाले होते. प्रेसची तेलाची नळी फुटून तप्त लोखंडावर तेल उडालं, तर ज्वाला दिसताक्षणी सगळं बंद करायचं, एवढंच डब्याचं काम. पण डब्याच्या नजरेत मागे भट्टी, पुढे पेटल्यासारखे ठोकळे, सगळीकडे धग. अशा ठिकाणी ज्वाला ओळखणं म्हणजे शिमग्याच्या बोंबाबोंबीत खरोखर चोर बघून ओरडणारा माणूस ओळखणं.

आणि डब्याने ते ओळखलं होतं! चाचणीच्या काळात तो एकदाही चुकला नव्हता. मग तो रीतसर बसवला, आणि त्या दिवसापासून भट्टीचं दार उघडलं की बोंब. सोराने तारा बदलल्या, सर्किट बदललं, थंड हवेची नळी बदलली. आता बदलायची राहिली होती ती फक्त सोरा, आणि तिच्या कंपनीत त्यावरही विचार सुरू झाल्याची कुणकुण होती.

"आजची पाळी संपेपर्यंत," प्यो म्हणाले. "मग डबा खाली. आम्ही परदेशी घेतो."

म्हणजे सोराची सगळी रचना भंगारात.

तेवढ्यात तिचे साहेब, संचालक बांग, दारातून लगबगीने आले. अमेरिकेत प्रकाशशास्त्रात डॉक्टरेट केलेले बांग कसलाही निर्णय आकडेमोडीशिवाय घेत नसत. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं.

"कारण सापडलं," ते म्हणाले.

"कशात, साहेब? फिल्टरमध्ये?"

"माशात."

डबा बसवला त्या दिवशी तिथल्या रिवाजाप्रमाणे पूजा झाली होती. डुकराचं मुंडकं मांडलं, तांदळाची दारू शिंपडली, सगळ्यांनी दंडवत घातले आणि शेवटी बांगसाहेबांनी स्वहस्ते एक सुका पुगो मासा पांढऱ्या रेशमी धाग्याने डबा खांबाला धरणाऱ्या पट्टीला लटकवला. नव्या यंत्रावर अशुभाची नजर पडू नये म्हणून.

"तो मासा फार बारका होता," बांग गंभीरपणे म्हणाले. "माझी सासू फोटो बघूनच म्हणाली होती. एवढ्या मोठ्या भट्टीला एवढासा मासा कसा पुरेल?" त्यांनी कागद सोडला. आत चांगला हातभर लांब, डोळे वटारलेला पुगो होता.

"हा मासा शोभतो!" प्यो खूश झाले. साहेबांबद्दल त्यांना पहिल्यांदाच आदर वाटलेला दिसला.

शिडी आली. जुना मासा सन्मानाने उतरला, नवा चढला. सर्वांनी कंबरेतून वाकून नमस्कार केला, सोरानेही केला, कारण त्या क्षणी तिच्याकडे याहून बरा उपाय नव्हता. मग प्यो ओरडले, "दार!"

दार वर सरकलं. आतून धगीचा लोट बाहेर आला, आणि भोंगा आजवर कधी वाजला नव्हता असा वाजला. थांबायचं नावच घेईना.

"अजून मोठा आणायला हवा होता," बांग पुटपुटले.

सोरा मात्र वर बघत होती. धगीच्या लोटात मासा झोके घेत होता, डावीकडे, उजवीकडे, अगदी डब्याच्या नाकासमोर. झोका गेला की माशामागचा ठोकळा झळके, झोका आला की झाकला जाई. लकलक, लकलक. ज्वाला लवलवते तशी.

"मासा!" ती किंचाळली. "अहो, मासाच आहे!"

"तेच सांगतोय मी," बांग म्हणाले.

काखेत कळसा म्हणतात तो असा. एवढे दिवस निम्मी कंपनी त्या खांबाखाली उभी राहून वर बघत होती, पण मासा कुणाला दिसलाच नव्हता. दिसणार कसा? ती वस्तू नव्हतीच, तो रिवाज होता.

बांगसाहेबांच्या चेहऱ्यावर डॉक्टरेट हळूहळू परत आली, आणि तिच्यामागून शरम. "काढा तो खाली," ते कसेबसे म्हणाले.

"हात लावाल तर बघा!" प्यो शिडीला आडवे झाले. "दुसरा न बांधता बांधलेला मासा उतरवायचा? डबा उतरवा. मासा राहणार."

"राहू दे!" सोरा म्हणाली, आणि दोघेही तिच्याकडे वळले. तिचे कान लाल झाले होते. "साहेब, आज मासा आहे, उद्या कुणी हातमोजा हलवला तर? माशाला फसणारा डबा असून काय उपयोग? मला जेवणाची सुट्टी संपेपर्यंत वेळ द्या."

उलट्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून ती बसली. तिची बोटं अशी धावत होती की बांगना वाचायला वेळ मिळेना. चूक आता स्वच्छ दिसत होती. मधला डोळा ज्वालेतल्या तप्त वायूची खास झळाळी बघायचा, बाजूचे दोन आसपासची धग. बाजूच्यांची धग ती सावकाश सरासरी काढून मधल्यातून वजा करत होती, कारण भट्टी सावकाश तापते, सावकाश निवते. भट्टीपुढे कुणी झोका खेळेल हे तिच्या हिशेबात नव्हतं; झोक्याची लकलक वजा न होता उरायची आणि ज्वाला ठरायची.

"सरासरीच नको!" ती म्हणाली. "क्षणाक्षणाला तिघांची तुलना. मासा हलला की तिन्ही डोळे एकत्र मिटतात, एकत्र उघडतात. ज्वालेत मधला एकटाच नाचतो!"

"एकटाच," बांग म्हणाले आणि शर्टाच्या बाह्या सरसावून तिच्या शेजारी जमिनीवर बसले. "दे, ती ओळ मी लिहितो."

जेवून दात कोरत लोक परतले तेव्हा दोघं शिडीवरून उतरत होते.

"दार!"

दार उघडलं. मासा झुलला. भोंगा गप्प. लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्योंनी नाही. "गप्प तर दगडही बसतो, बाई. बोलतो का ते बघू."

एका परातीत तेल ओतून ती प्रेसच्या नळ्यांखाली ठेवली. दार उघडं, ठोकळा धगधगतोय, वर मासा झोके घेतोय. प्योंनी लांब सळईने पेटवलं. ज्वाला उठली. एक झोका गेला, दुसरा गेला...

भोंगा! तेल तुटलं, प्रेस जागच्या जागी थिजली. सोरा बांगसाहेबांचा दंड धरून उड्या मारत होती, आणि साहेब आपला हुद्दा विसरून तिच्याबरोबर.

"विझवा. पुन्हा," प्यो म्हणाले.

पुन्हा बरोबर. मग मात्र लोकांना चेव चढला. एकाने भट्टीपुढे फावडं फिरवलं, दुसऱ्याने चामड्याचा एप्रन फडकवला, तिसरा तर हात पसरून नाचायलाच लागला. डबा ढिम्म. "अरे, फसत नाही बेटा!" बांगसाहेबांनी स्वतःचा कोट काढून फिरवला. तरी ढिम्म. परातीत पुन्हा काडी पडली, तेव्हा मात्र सगळ्या नाचातून त्याने ती बरोबर हेरली.

प्योंनी हेल्मेट घातलं, पट्टा हनुवटीखाली आवळला. "तमाशा बास. डबा राहील," ते म्हणाले. "ठोकळा आत घाला, निवलाय."

ओरडून ओरडून सोराचा घसा बसला होता. तिला आभार मानायचे होते, पण तिची नजर वर क्रेनच्या लोंबत्या साखळीकडे गेली होती.

"मुकादम," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ती साखळी भट्टीपुढे जरा जोरात हलवून दाखवता?"