दगडाचाही आजार उतरवणारा तराजू

संत एउफेमियेच्या जत्रेत टेकडीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. फ्रान्सहून सुटीला आलेल्यांच्या गाड्या थेट द्राक्षमळ्यात घुसल्या होत्या, सार्डिन मासे भाजल्याचा धूर डोळ्यांत जात होता, आणि चॅपेलच्या दारात लोक एकमेकांच्या खांद्यांवरून आत डोकावत होते. नगरपालिकेच्या पर्यटन-पत्रकात गावचा रोमन पूल यंदा खाली ढकलून सगळ्यात वर छापलं होतं, 'आजार तोलणारा तराजू. अवश्य पाहा.'

आत एक संधिवाताची म्हातारी तराजूच्या पारड्यात बसली होती. दुसऱ्या पारड्यात तिच्या वजनाइतका गहू. दांडी सरळ झाली तशी तिला उतरवलं. त्याच क्षणी तराजूवाल्या धर्मबंधू वाल्देमिरोने घंटेची दोरी धरून असा घणघणाट केला की कानठळ्या बसाव्यात. "जा रे दुखण्या, जा! डोंगरापल्याड जा! स्पेनमध्ये जा!"

म्हातारी गुडघ्यांवर रांगत चॅपेलला फेऱ्या घालून आली. तिला पुन्हा बसवलं, आणि पारडं वर! म्हातारी हवेत लटकली. लोकांनी टोप्या काढल्या, बायका रडू लागल्या.

"मायबाप, गहू तोच, बाई तीच. मग हलकं काय झालं?" वाल्देमिरोने झग्याच्या बाह्या सावरल्या. "दुखणं! दुखण्याला वजन असतं, डॉक्टरांना ते दिसत नाही. त्यांना फक्त गोळ्या दिसतात!"

खांबाला टेकून उभ्या असलेल्या डॉक्टर ग्रासिंदाने हे ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावच्या दवाखान्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तराजू तिला परका नव्हता. लहानपणी न्यूमोनियातून उठल्यावर बापाने तिलाही इथेच तोललं होतं. तेव्हाची रीत साधी होती. आधी बरं व्हायचं, मग तोलायचं, आणि वजनाइतका गहू गरिबांच्या पावाला द्यायचा. देवाचे आभार, गरिबाचं पोट. वाल्देमिरो कुठूनसा आला, जुनी दांडी किडली म्हणून नवी जाडजूड दांडी चढवली, आणि रीत उलटी केली. आता आधी तोलायचं आणि बरं झालो असं समजायचं. गहू कुठे जातो, ते विचारायची सोय नव्हती.

पण आज ती गव्हासाठी आली नव्हती. गावातल्या झुल्मिराची लेक बेनेदिता रांगेत होती. पोरीला मधुमेह होता, इन्सुलिनवाचून जगणं नाही असला. आणि या महिन्याचं इन्सुलिन दवाखान्यातून कोणी नेलंच नव्हतं.

"झुल्मिरा, पोरीला इकडे दे."

"नको डॉक्टरबाई, आज शेवटचं तोलणं. मध्येच सोडलं तर दुखणं दुपटीने उलटतं. बंधूंनी बजावलंय."

"सुई कधी बंद केलीस?"

"पहिल्या रविवारी निम्मी केली. परवा पूर्ण बंद." झुल्मिराचा चेहरा उजळलेला होता. "बघा ना, फ्रॉक कसा ढिला झालाय! दर रविवारी गहू कमी लागतो. आजार उतरतोय हो!"

ग्रासिंदाने पोरीच्या तोंडाशी नाक नेलं. श्वासाला सडक्या सफरचंदांचा वास होता. पोर धापा टाकत होती, तिचे डोळे मिटत होते.

"आजार नाही उतरत, बाई, पोर उतरतेय! संध्याकाळपर्यंत शुद्ध जाईल तिची. मरेल ती!"

"असं अभद्र बोलू नका सणाच्या दिवशी!" झुल्मिराने पोरीला छातीशी घट्ट आवळलं आणि मागे सरली.

कॅफेवाला आमांदियो घाईघाईने मध्ये पडला. "डॉक्टरबाई, आज नको. पोर्तोहून बस आल्यात. चार माणसं पोटापाण्याला लागलीत या तराजूमुळे."

"आणि एक पोरगी जिवाला मुकतेय! रुग्णवाहिका बोलाव, आमांदियो. नाहीतर तुझ्या कॅफेच्या दारावर तिचा फोटो लावीन मी."

आमांदियोने मुकाट्याने फोन काढला. पण गाडी येऊन उपयोग काय? पोरीला ओढून नेलं असतं तर आई आडवी पडली असती, आणि जत्रा आईच्या बाजूने उठली असती. आधी तराजूच उघडा पाडायला हवा होता, आणि आत्ताच. ग्रासिंदा म्हातारीचं तोलणं डोळ्यांपुढे आणत होती. घंटा नेमकी केव्हा वाजली? माणूस पारड्यातून उतरतो तेव्हा. का बरं तेव्हाच?

अंगणातल्या कुंपणाचा एक धोंडा तिने पोटाशी धरून आणला आणि धाडकन पारड्यात टाकला.

"हे काय? पवित्र तराजू आहे हा!" वाल्देमिरो धावला.

"माझा रोगी आहे. गहू घाला."

लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "घाला की, बंधू! दगडाला काय मूतखडा झालाय ते कळू दे!" वाल्देमिरो हलेना, तेव्हा त्या संधिवातवाल्या म्हातारीनेच दुसऱ्या, रिकाम्या पारड्यात सुपाने गहू ओतला. दांडी सरळ झाली.

"आता माझा रोगी फेऱ्या घालणार," ग्रासिंदा म्हणाली. वाल्देमिरोचा हात दोरीकडे गेला. त्याच्या आधी ती घंटेखालच्या चौथऱ्यावर चढली आणि घंटेचा लोलक मुठीत गच्च धरला. "आज घंटा नाही. मावशी, धोंडा ढकला खाली. आणि सगळ्यांनी जरा गप्प बसा."

धोंडा खाली पडला. गव्हाचं पारडं भुईला टेकलं, दांडी कलली, आणि त्या शांततेत दांडीच्या पोटातून आवाज आला. गड, गड, गड, ठक्.

शेवटच्या माणसापर्यंत तो ऐकू गेला.

"ठेवा धोंडा परत."

दोघा जणांनी धोंडा ठेवला. पारडं वर गेलं. धोंडा हवेत लटकत राहिला, अगदी म्हातारीसारखा.

"अभिनंदन," ग्रासिंदा दात ओठ खात म्हणाली. "दगड बरा झाला. दांडी पोकळ आहे आणि आत जड गोळा आहे. आधी माणूस बसतो, म्हणून गोळा माणसाकडे. माणूस उतरला की दांडी कलते, गोळा गव्हाकडे घरंगळतो. तो आवाज झाकायला घंटा! या दांडीवर हत्ती बसवा, तोही हलका होईल!"

वाल्देमिरो पुटपुटला, "श्रद्धा नसेल तर संत कोपतात..." पण पुढची माणसं दांडी उतरवायला लागली होती, आणि तो मागच्या, पवित्र वस्तू ठेवायच्या खोलीकडे उलट्या पावलांनी सरकत होता. दाराशी त्याला पकडलं.

ग्रासिंदाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती झुल्मिरासमोर उभी होती.

"पण माझी पोर खरंच हलकी झाली," झुल्मिरा कशीबशी म्हणाली. "गहू दर वेळी कमी लागला. ते खोटं नव्हतं ना?"

"नव्हतं. सगळ्यांना फसवणाऱ्या तराजूने तुझ्या पोरीचं तेवढं खरं सांगितलं. इन्सुलिनवाचून अंग झडतं. ती मरत होती, आणि तुम्ही टाळ्या वाजवत होता."

झुल्मिराने पोरीला ग्रासिंदाच्या हातांत दिलं. गर्दी आपणहून दुभंगली, आणि रुग्णवाहिका सार्डिनच्या धुरातून टेकडी उतरली.

बेनेदिता वाचली. काही दिवसांनी दवाखान्याच्या काट्यावर तिला चढवताना झुल्मिराने डोळे झाकले होते. वजन वाढलंय म्हटल्यावर ती तिथेच फरशीवर बसून रडली.

पुढच्या जत्रेत पोरीला तोललं, ते साध्या दांडीवर आणि जुन्या रीतीने, जिवावरच्या दुखण्यातून उठल्यावर, सुई चालू ठेवूनच. गहू भरपूर लागला. तो म्हाताऱ्यांच्या आश्रमात गेला. पोकळ दांडी मधोमध कापून, गोळ्यासकट, चॅपेलच्या दाराशी टांगली आहे. पत्रकात मात्र अजून तेच छापतात, 'अवश्य पाहा.' ग्रासिंदा दर वेळी संतापते, आणि मग येणाऱ्या प्रत्येक बससमोर उभी राहून सांगते,

"पाहा, जरूर पाहा. देवाला मानायचं तर माना, त्याला माझी ना नाही. पण ज्या तराजूची दांडी तपासू देत नाहीत, त्यावर आपलं लेकरू ठेवू नका."