देणारी डॉरिस, घेणारी डॉरिस

मीरा-भाईंदरच्या आरोग्याच्या इतिहासाचे यापुढे दोनच भाग पडतील, दुहेरी सेवा योजनेच्या आधीचा आणि नंतरचा, असं हॉस्पिटलच्या संचालिका मृणालिनी मॅडम यांनी उद्घाटनाच्या दिवशी माइकवरून जाहीर केलं. टाळ्या झाल्या. टाळ्या चालू असतानाच पहिला कॉल आला, आणि इतिहासाचा दुसरा भाग पाऊण तास उशिरा सुरू झाला, कारण उद्घाटनाचा मंडप ॲम्ब्युलन्सच्या पुढ्यातच बांधला होता.

योजना म्हणजे काय, तर सिस्टर डॉरिस. उत्तनची ही बाई अठरा वर्षं कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीचे पेशंट जिथे आधी येतात तिथे, नर्स होती. आता तिने तेच काम सांभाळून ॲम्ब्युलन्सवरही जायचं होतं. तिच्या पांढऱ्या गणवेशावर घालायला एक चकचकीत पिवळं जॅकेट मिळालं. त्यात आणखी एक डॉरिस सहज मावली असती, आणि व्यवस्थापनाचा हिशेब बहुधा तोच असावा.

"पगार दोन हाय का?" नवऱ्याने, जेरोमने, विचारलं.

"न्हाय."

"मंग जॅकेट तरी मापाचा द्यायचा व्हता."

डॉरिसने मात्र आनंदाने होकार दिला होता. अठरा वर्षं ती दारात उभी राहून उशिरा आलेली माणसं घेत होती. आपण अर्धा तास आधी यांच्यापर्यंत पोचलो असतो तर, हे तिने किती वेळा मनाशी म्हटलं होतं, त्याची गणती नव्हती. शिवाय ॲम्ब्युलन्सवाल्यांवर तिचा जुना राग होता. पेशंट आणतात आणि विचारावं ते माहीत नसतं, असं तिचं मत होतं, आणि ते ती ॲम्ब्युलन्सवाल्यांना दर वेळी ऐकवायची.

पंधरा दिवसांनी एका दुपारी कॉल आला जेसल पार्कचा. चौथा मजला, लिफ्ट बंद. आत्माराम नावाचे सहासष्ट वर्षांचे गृहस्थ सोफ्यावर घामाने निथळत पडलेले, आणि काही विचारलं तर भलतंच पुटपुटत होते. शेजारी जमले होते आणि प्रत्येकाचं निदान तयार होतं. "गॅस छे, बीजुं कंई नथी," समोरच्या बेन म्हणाल्या. वरच्या मजल्यावरच्या काकांनी हार्ट ठरवून टाकलं होतं. पेशंटच्या बायकोला, सुलूताईंना, डॉरिसने विचारलं, "काही आजार?"

"काही नाही हो. ठणठणीत आहेत."

डॉरिसने नाडी बघितली, बीपी घेतलं, ऑक्सिजन लावला. बॅगेतला साखर तपासायच्या पट्ट्यांचा डबा उघडला. तो रिकामा होता. आठ दिवस रिकामाच होता. हार्टच असणार, असं स्वतःला बजावून तिने ड्रायव्हर नाथाला स्ट्रेचरचं दुसरं टोक धरायला लावलं आणि चार मजले उतरून पेशंटला गाडीत घातलं.

हॉस्पिटलच्या दारात नोंदणीच्या टेबलावर ईश्वरराव बसलेले होते. माणूस वाईट नव्हता. फॉर्म भरलेला नसला की त्यांना पेशंट दिसत नसे, एवढंच.

"देणार कोण?" त्यांनी विचारलं.

"मी."

"घेणार?"

"मीच. दुसरी नर्स, केली, आज रजेवर आहे. कॅज्युअल्टीत मी एकटीच."

"असं नाही चालत, सिस्टर. दोन सह्या लागतात, दोन माणसांच्या."

"ईश्वरराव, माणूस बघा ना जरा."

"बघतोय ना. पण उद्या तुम्ही म्हणाल मी दिला, आणि परवा म्हणाल मी घेतलाच नाही. तुमचं दोघींचं भांडण लागलं तर मी कोणाची बाजू घेऊ?"

नोंद झाल्याशिवाय नंबर नाही, नंबरशिवाय बेड नाही. डॉक्टर नीरज वरच्या मजल्यावरून निघाले होते. भांडायला दहा मिनिटं लागली असती, नाटकाला दोन पुरली असती.

"पद्धत काय आहे?" डॉरिसने विचारलं.

"देणाऱ्याने तोंडी माहिती सांगायची. घेणाऱ्याने विचारायचं. मी ऐकायचं."

डॉरिसने जॅकेट घट्ट ओढलं आणि माहिती सांगितली. पुरुष, सहासष्ट, घाम, भ्रम, नाडी जलद, हार्टचा संशय. मग जॅकेट काढून टेबलावर टाकलं, स्ट्रेचरच्या दुसऱ्या बाजूला गेली, आणि तिथे पोचताक्षणी अठरा वर्षांची सवय तिच्या तोंडून बोलू लागली.

"शुगर किती?"

तिने जॅकेट उचलून खांद्यावर टाकलं. "बघितली नाही."

जॅकेट खाली. "बघितली नाही? मग गाडीतून फिरता कशाला, हवा खायला?"

ईश्वररावांना राहवलं नाही. "जाऊ द्या हो सिस्टर," ते हळूच म्हणाले, "त्या नवीन आहेत."

जॅकेट वर. "पट्ट्या संपल्यात. आठ दिवसांपूर्वी मागणी दिलीय."

जॅकेट खाली. "मग आल्या का नाहीत?"

जॅकेट वर. "ईश्वररावांनी अर्ज अडवलाय. मागणारी आणि घेणारी एकच म्हणून."

दोघींनी ईश्वररावांकडे पाहिलं. ईश्वररावांनी फॉर्मकडे.

"आजार?" घेणारीने विचारलं.

"काही नाही. बायको म्हणाली."

"बायको म्हणाली म्हणजे? गोळ्या विचारल्या?"

या प्रश्नाला मात्र जॅकेट वर गेलं नाही. डॉरिस तशीच सुलूताईंकडे वळली. "ताई, रोजच्या गोळ्या कुठल्या?"

"एकच आहे, शुगरची."

"अहो, मग डायबिटीस आहे ना?"

"होता. गोळी सुरू केल्यापासून नाही."

"आज घेतली?"

"सकाळीच. गोळी कधी चुकवत नाहीत."

"आणि खाल्लं काय?"

"खातील कसे? संकष्टी आहे ना."

डॉरिसने नंबरची वाट पाहिली नाही. भिंतीलगतच्या ट्रॉलीवर मशीन होतं, पट्ट्याही होत्या; कॅज्युअल्टीचा साठा गाडीत न्यायला बंदी होती. साखर भरली अडतीस, जिथे सत्तरच्या वर हवी. डॉक्टर नीरज जिन्यावरूनच "ग्लुकोज द्या, लगेच" म्हणाले, तोवर तिने शीर शोधली होती. पाचव्या मिनिटाला आत्मारामांनी डोळे उघडले, छताकडे बघितलं आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "चंद्रोदय कितीला आहे?"

संध्याकाळपर्यंत बातमी मृणालिनी मॅडमपर्यंत गेली, आणि जाताना तिने वाजवी तेवढे कपडे बदलले. सूचनाफलकावर लागलं की हस्तांतरणाची पद्धत काटेकोर पाळल्यामुळे एका ज्येष्ठ नागरिकाचे प्राण वाचले, सबब नोंदणी विभागाचे अभिनंदन. ईश्वररावांना शाल मिळाली. भर उकाड्यात ते ती पांघरूनच बसले होते.

डॉरिस कॅज्युअल्टीच्या बाकावर टेकली होती. दुपारी केली सिस्टर कामावर असती तर तिने विचारलं असतं का? आणि ती नसताना आपण जॅकेट उतरवलं नसतं, तर आपल्याला तरी सुचलं असतं का? हार्ट, हार्ट म्हणत ती चार मजले उतरली होती. अठरा वर्षं ज्यांना फैलावर घेतलं, त्या सगळ्या ॲम्ब्युलन्सवाल्यांचे चेहरे तिला आठवले, आणि त्यातला शेवटचा चेहरा तिचा स्वतःचा होता.

तेवढ्यात ईश्वरराव आले. शाल सावरत, जरा अवघडून उभे राहिले.

"सिस्टर, बोलू का?"

पट्ट्यांचा अर्ज मंजूर झाला असेल, असं तिला वाटलं. निदान 'चुकलं' तरी म्हणतील.

"बोला ना."

ईश्वररावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"त्या ॲम्ब्युलन्सवाल्या सिस्टर सही करून माझं पेन घेऊन गेल्यात. तुमची भेट झाली, तर तेवढं मागून ठेवाल का?"