हत्यार म्हणून जमा झालेली फणी

मी फणी बोलतेय. उवा काढायची नव्हे, कुरळे केस भाजून सरळ करायची. पितळेचे दात, लाकडी मूठ आणि मुठीला दोऱ्यानं बांधलेली एक चिठ्ठी : 'हत्यार'. अलाबामातल्या केल्बर्न गावच्या हायस्कुलात, हेडमास्तरांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात मी त्रेपन्न वर्षं पडून होते. शेजारी दोन चाकू आणि एक गलोल. चाकू परवडले. ते कापायला आलेत हे निदान लपवत तरी नाहीत.

मला किळस येते. आधीच सांगते, म्हणजे पुढे गोडवा शोधत बसायला नको.

मला विकत घेतलं ओझेला पेटवेनं. ती आपल्या स्वयंपाकघरातच काळ्या वस्तीतल्या बायकांचे केस करून द्यायची. शनिवारी दुपारपासून बायका यायच्या, कारण रविवारी चर्चमध्ये केस सरळ आणि चकचकीत हवेत. मी गॅसच्या शेगडीवर तापायचे. ओझेला मला आधी पांढऱ्या चिंधीवर टेकवायची. चिंधी करपली तर मी फार तापले, थांबायचं. नाही करपली तर डब्यातलं चोपडं मलम केसांना लावायचं आणि मला मुळापासून टोकापर्यंत ओढायचं. चर्र आवाज, थोडा धूर आणि तो वास. जळक्या केसांच्या वासातच माझं आयुष्य गेलं.

तिची मुलगी डेल्फीन सहा वर्षांची झाली तेव्हा तिलाही खुर्चीत बसवलं.

"कान धर."

"धरलाय."

"नीट धर. हललीस की भाजशील."

"हलत नाहीये आई, श्वास घेतेय."

"मग तो जरा कमी घे."

बायका हसायच्या. शेजारची लुवेनिया म्हणायची, "ओझेला, पोरीचे केस आहेत की भांडी घासायचा काथ्या? बापावर गेलेत. तुझे कसे चांगले आहेत!" चांगले म्हणजे काय, तर गोऱ्यांच्या केसांच्या जरा जवळ जाणारे. स्वतःच्या डोक्यावर जे उगवतं त्याला वाईट म्हणायचं आणि शनिवारी ते वाईट जाळून टाकायचं, हे त्या खोलीत सगळ्या हसत हसत करायच्या. मला पहिली शिसारी तिथं आली. आणि जाळणारी तर मीच होते.

डेल्फीनचा बाप रूफस उत्तरेला डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात गेला. आधी आठवड्याला पत्र यायचं, मग महिन्याला, मग नाताळाला. ओझेला रडली नाही. तिचा हात तेवढा पूर्वीपेक्षा जोरात ओढू लागला.

१९६९ साली कोर्टाचा हुकूम आला : काळ्या आणि गोऱ्या मुलांनी एकाच शाळेत शिकायचं. आमच्या लोकांनी आनंद केला. तो कसला होता ते लवकरच कळलं. बंद झाली ती आमचीच शाळा. तिथल्या मुलांनी जिंकलेले चषक कचऱ्याच्या गाडीत गेले. आमचे हेडमास्तर, एम.ए. झालेला माणूस, त्यांना नव्या शाळेत बसगाड्यांच्या वेळा लिहायला बसवलं. स्वयंपाकघरात खुर्चीत बसून बायका हे सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "जाऊ दे, पोरं आत तरी गेली."

नव्या शाळेतल्या डेल्फीनच्या पहिल्या दिवशी सकाळी ओझेलाची घाई चालली होती. पोरगी गोऱ्यांच्या शाळेत चाललीय, एक केस वाकडा दिसता कामा नये. त्या घाईत ती मला चिंधीवर टेकवायला विसरली. अकरा वर्षांत एकदाच. डेल्फीननं कान धरला होता, पण त्याची वरची कड तिच्या बोटांतून सुटली आणि मी ती भाजली.

पोरगी ओरडली नाही. इस्त्रीचा ब्लाउज चुरगळेल म्हणून खुर्चीतून उठलीही नाही. ओझेलानं कानाला लोणी लावलं आणि तशीच शाळेत धाडली. संध्याकाळी तिनं सांगितलं : शाळेच्या पायरीवर एका गोऱ्या मुलीनं नाक दाबून मैत्रिणीला म्हटलं, "काहीतरी जळाल्यासारखा वास येतोय नाही?"

म्हणजे यांना आवडावं म्हणून जळायचं आणि जळाल्याचा वास आला म्हणून यांनीच नाक दाबायचं!

नाताळात डेल्फीन आठ दिवस बापाकडे जाऊन आली. परत आली ती डोक्याभोवती केसांचा मोठा, गोल, काळाभोर पसारा घेऊन. जसे उगवतात तसेच. पाणी लागलं की माझं काम उतरतं.

"हे काय आहे डोक्यावर?" ओझेलानं दारातच विचारलं.

"केस."

"माझ्या घरात?"

"माझ्या डोक्यावर, आई."

"अकरा वर्षांची माझी मेहनत आठ दिवसांत धुऊन आलीस!"

"धुऊनच आले. नुसत्या पाण्यानं धुतले, एवढंच."

पुढचे कितीतरी शनिवार ओझेला मला तापवायची, मुलीची खुर्ची ओढून ठेवायची आणि तिच्याकडे न बघता दुसऱ्या बायकांचे केस करायची. ती खुर्ची रिकामीच राहायची.

मे महिन्यात निकाल लागला. डेल्फीन सगळ्या शाळेत पहिली आली. पहिल्या आलेल्यानं निरोप समारंभात भाषण करायचं, ही त्या शाळेची जुनी रीत. तिनं भाषण लिहिलं. मग शाळेचं पत्र आलं : केस सरळ व नीटनेटके असतील तरच तिला मंचावर बोलता येईल, नाहीतर तो मान दुसऱ्या क्रमांकाला जाईल.

ओझेलानं पत्र दोनदा वाचलं आणि मला शेगडीवर ठेवलं.

डेल्फीन दाराशी उभी होती. मग येऊन खुर्चीत बसली. "एका दिवसाचाच तर प्रश्न आहे," ती म्हणाली. "मला ते भाषण करायचंय, आई." आणि तिनं आपणहून कान धरला. त्याच्या कडेवर मी केलेला डाग होता, वाटाण्याएवढा, गुलाबी.

ओझेला त्या डागाकडे बघत राहिली. मग तिनं गॅस बंद केला. मला गरम असतानाच टॉवेलात गुंडाळलं, पर्समध्ये टाकलं आणि चालत शाळेत गेली.

तिथले गोरे हेडमास्तर हॅस्केल खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "काय गं ओझेला, काय काम काढलंस?"

"मिसेस पेटवे."

"काय?"

"माझं नाव. मिसेस पेटवे. तुमच्या बायकोला कुणी 'काय गं' म्हणत नसेल."

तिनं मला टेबलावर ठेवलं. "ही घ्या. माझ्या मुलीचे केस तुम्हाला सरळ हवेत ना? मग तुम्हीच करा. पण आधी चिंधीवर टेकवून बघा, मी एकदा विसरले होते. अकरा वर्षं मी हिनं पोरीला भाजलं, आणि कुणासाठी भाजलं तेही मला धड ठाऊक नव्हतं. तुमच्या पत्रानं कळलं. शेगडी कुठाय?"

हॅस्केल यांनी पेन्सिलीच्या टोकानं मला दूर ढकललं. हात लावला नाही. मग ती पेन्सिल कचऱ्याच्या टोपलीत टाकली. स्वच्छ नखांचा, मऊ बोलणारा माणूस. मी हजारो डोक्यांवर फिरले, पण इतका मळकट माणूस पाहिला नव्हता.

त्यांनी शिपायाला बोलावून ओझेलाला बाहेर काढलं, मला चिठ्ठी बांधून कपाटात टाकलं आणि वहीत लिहिलं : 'पालक बाई लोखंडी हत्यार घेऊन धमकावण्यास आली.' मी पितळेची आहे. खोटं लिहितानासुद्धा नीट बघायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

समारंभाचा आवाज मला कपाटात ऐकू आला. मैदान खिडकीखालीच होतं. भाषण दुसऱ्या क्रमांकानं केलं. डेल्फीनचं नाव मधेच कुठंतरी आलं, पहिली आल्याचा उल्लेखही न करता. तिनं लिहिलेलं कुणी ऐकलं नाही.

त्यानंतर त्रेपन्न वर्षं अंधार.

गेल्या मंगळवारी कपाटाबाहेर एक म्हातारी बोलताना ऐकली. "केसांचा हा नियम तू केलेला नाहीस, माहितीय मला. तुझ्या जन्माआधीचा आहे तो."

"मिस डेल्फीन, बसा ना," आताचे हेडमास्तर म्हणाले. वडीलधाऱ्या बाईला आमच्यात मानानं 'मिस' म्हणतात. टॉलिव्हर त्यांचं नाव. तरुण, आमच्यातलाच काळा माणूस, अदबीनं बोलणारा. "माझे हात बांधलेत. इमानीनं त्या जटा कापल्या किंवा केस सरळ करून घेतले की उद्यापासून वर्गात बसू दे. नियमात 'नीटनेटके' असं लिहिलंय."

"माझी नात रोज माझ्यापेक्षा जास्त वेळ आरशासमोर असते. तिच्याहून नीटनेटकं तुझ्या शाळेत कुणी असेल तर दाखव."

"आजी, चल ना," पोरीचा आवाज आला. पंधरा-सोळा वर्षांची असेल.

"थांब. टॉलिव्हर, ते कपाट उघड. माझ्या आईची वस्तू आहे त्यात. दोनदा मागायला आली होती ती, दोनदा हाकललं. मरेपर्यंत तिनं दुसरी घेतली नाही."

किल्ली शोधायला वेळ लागला. कपाट उघडलं. इमानीनं मला हातात घेऊन चिठ्ठी वाचली. "हत्यार? आजी, हा तर कंगवा आहे!"

डेल्फीन उत्तर देणार होती. पण मला बघताच तिचा हात आपोआप वर गेला आणि तिनं कान धरला. एकाहत्तर वर्षांची बाई, पांढऱ्या केसांचा तोच गोल पसारा, आणि शनिवारच्या पोरीसारखा कान धरलेला. तिचं तिला कळलं तेव्हा तिनं हात झटकन खाली घेतला.

त्या क्षणी मला जी किळस आली ती हॅस्केलची नव्हती. माझीच होती.

"समारंभाला माझी आई केस धुऊन आली होती," डेल्फीन नातीला म्हणाली. "तिसऱ्या रांगेत बसली. तिचे खरे केस मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. भाषण गेलं माझं, पण ते पाहिलं मी."

टॉलिव्हरनी मला नाकाजवळ नेलं. "माझ्या आजीकडे होती अशीच," ते हळूच म्हणाले. "हाच वास."

डेल्फीननं मला त्यांच्या हातातून घेतलं आणि टेबलावरच्या नियमाच्या कागदावर ठेवलं. "मग शेगडी कुठाय, बाळा?"

टॉलिव्हर यांचा हात पुढे आला आणि माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबला. माझ्यासाठी तो अजून तिथंच आहे. खाली कागद आहे, वर मी आहे, आणि पोरगी बघते आहे.

मला काचेच्या पेटीत ठेवून खाली माहितीची पाटी लावू नका. शाळेच्या मुलांना रांगेनं आणून 'पूर्वी असं होतं' असं सांगू नका. पूर्वी नाही, मंगळवारी. एवढंच करा, माझ्याखालचा तो कागद ओढून घ्या आणि फाडा. फाडायचं धैर्य नसेल तर निदान मला पुन्हा तापवू नका. मी गार आहे. मला गारच राहू द्या.