सुनेच्या टॉर्चचं पोट

१८.६ मिलिमीटर

हे टॉर्चच्या आतलं माप. बाहेरून पंचवीस. बाहेरचं वाढवायचं नाही, कारण बाहेरचं माप सुनेच्या तोंडाचं होतं. सून लिफ्टची मेकॅनिक. लिफ्टच्या विहिरीत भर दुपारीही काळोख, दोन्ही हात तारांत गुंतलेले, म्हणून टॉर्च दातांत. जाडजूड टॉर्च आणली, तर दिवसभरात जबडा आखडला. आणि या बारीक टॉर्चची बॅटरी दुपारी दोनलाच मान टाकायची.

"आई, ही एकवीस मिलिमीटरची बॅटरी पूर्ण पाळी टिकते. बसवाल?"

"न बसायला काय झालं? आतून खायचं."

शेजारीपाजारी सासूबाईंना मिस्त्रीणबाई म्हणत. मोतीबिंदूनंतर आठ महिने त्यांनी लेथला, धातू कातायच्या मशीनला, हात लावला नव्हता. मशीन न्यायला जुन्या मशिनींचा दलाल आजच चारला येणार होता. लेकानेच बोलावलेला.

"बॅटरी बसली तर मशीन राहील," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"आणि नाही बसली तर?" लेकाने विचारलं.

"तर दलालाला चहा मी करीन."

१८.६, अजूनही

लेकाने मदत म्हणून टॉर्च लेथच्या पकडीच्या, म्हणजे चकच्या, तीन जबड्यांत घातली आणि किल्ली दात-ओठ खाऊन फिरवली.

"सोड! गळा दाबतोस का तिचा?"

"हलायला नको म्हणून..."

"पातळ नळी आहे ती. तीन बाजूंनी दाबलीस की आत तिकोनी होते. मी तसंच गोल कापणार, आणि चक सोडला की नळी पुन्हा फुगून भोक तिकोनी, माझंच तोंड वाकडं. ऑफिसात खुर्ची आवळतोस का अशी?"

सून हसली. लेक नाही.

मिस्त्रीणबाईंनी जाड पाइपाचा तुकडा घेतला, टॉर्च जेमतेम सरकेल इतका आतून कोरला, एका बाजूने उभा चिरला. टॉर्चला अंगरखा. आता जबडे अंगरख्याला धरतील, अंगरखा टॉर्चला सगळीकडून.

१९.४

चांदीसारखी बारीक वेटोळी पडू लागली.

२०.५

"आई, तुझा हात थरथरतोय."

"थरथरू दे. टूल हातात कुठंय? टूल मशीनने धरलंय. माझ्याकडे नुसतं चाक."

डोळ्यांनी दगा दिला असता. त्या कानाने कापत होत्या. आवाज एकसुरी होता, म्हणजे काप नीट चालला होता.

२१.२

मशीन बंद. नवी बॅटरी पाच मिलिमीटर लांबही होती, म्हणून टोपण तेवढंच खोल करून झालं. टॉर्च अंगरख्यातून निघाली. आतून गोल की तिकोनी, अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात दलाल दारात. लेकाने लगबगीने पाना लावून लेथच्या पायाचा एक नट सैल केलासुद्धा.

"मावशी, घेऊन जाऊ ना?"

"थांबा, बघून जा."

मिस्त्रीणबाईंनी टॉर्चच्या डोक्याचा भाग काढून ठेवलेलाच होता. नळीचं खालचं तोंड तळहाताने बंद केलं आणि वरून बॅटरी सोडली. ती धपकन पडली नाही, अडकलीही नाही. आत कोंडलेली हवा कडेकडेने बाहेर सारत, तोलामोलाच्या पाहुणीसारखी सावकाश उतरली आणि तळहाताला टेकली.

दलाल या धंद्यात मुरलेला. त्याने नळी मागून घेतली, स्वतःच्या तळहातावर तीच परीक्षा पुन्हा घेतली.

"अशा हाताचं मशीन नेऊन मी कुठल्या नरकात जाऊ?" तो लेकाला म्हणाला. "मावशी, माझ्याकडे पंपाचे तीन दट्टे दुरुस्तीला पडलेत. उद्या आणू?"

"सकाळी आणा."

सुनेने टॉर्च जोडली, दातांत धरली, पेटवली. झोत थेट नवऱ्याच्या तोंडावर. तो डोळे मिचकावत उभा, हातात पाना.

"बघतोस काय?" मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "नट आवळ."

"किती?"

"हा चक नाही रे बाबा. इथं दात-ओठ खा."