इंजिनियरची बॅटरी

दुधाच्या काट्यावर बॅटऱ्या तोलायची कल्पना इंजिनियरची. इंजिनियर हे गावाने त्याला गमतीने दिलेलं नाव, पण त्यातली गंमत त्याच्या अजून लक्षात आलेली नाही. आयुष्यात दोन पंखे आणि एक रेडिओ दुरुस्त केलेला माणूस; त्यातला रेडिओ पुन्हा कधी बोलला नाही. त्या दिवशी त्याने आपल्या वहिनीच्या अंगणात दोन बॅटऱ्या एकीमागून एक काट्यावर चढवल्या आणि भांडणाला तोंड फुटलं.

"ही दुकानातली. दोन किलो. आणि ही माझी, चार किलोला टेकली. आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

"भाऊजी, मला बॅटरी चालवायची आहे, शिजवायची नाही," वहिनी म्हणाली.

माझं पंक्चरचं दुकान समोरच. ऐकायला कान टवकारावे लागत नाहीत. वहिनीचा नवरा लांबच्या कारखान्यात कामाला, घरात सासरे आणि हा दीर. तीन गाईंचं सगळं तिच्याच अंगावर. रोज सकाळी दोन कॅन इलेक्ट्रिक सायकलला अडकवायचे, टेकडी चढून पलीकडच्या संकलन केंद्रावर जायचं. साडेसातला गाडी दूध घेऊन निघते, कोणासाठी थांबत नाही. जुनी बॅटरी मेली तशी ती त्या मुरमाड चढावरून सायकल हाताने ढकलत होती. ऊन असं की सातलाच पाठ भाजते. दोनदा गाडी चुकली, दोनदा दूध नासलं. केंद्रावरच्या कारकुनाने स्वच्छ सांगितलं, तिसऱ्यांदा असं झालं की नाव कापणार. आमच्या गावात घरोघरी गाई, विकत दूध घेणार कोण? नाव कापलं की गाई विकायच्या, एवढा सरळ हिशोब होता.

सासऱ्यांनी दुकानातल्या बॅटरीकडे बोट केलं. "ही किती जाते?"

"वीस किलोमीटर म्हणाला दुकानदार. खोटं बोलला असेल तर पंधरा धरा, मामंजी. मला जाऊन-येऊन आठ पुरतात. लहान आहे म्हणून स्वस्त आहे, पण वर्षाची हमी आहे, तिचा वेगळा चार्जर आहे. पटली नाही तर परत घेतो म्हणालाय."

"माझी साठ जाते," इंजिनियर म्हणाला.

"साठ किलोमीटरवर माझं कोण बसलंय?"

पण सासऱ्यांनी तोवर दोन्ही हातात घेतल्या होत्या. म्हाताऱ्याने उभ्या जन्मात जनावरं निवडली ती अशीच, दाबून आणि उचलून. दुकानातली खाली ठेवली, दुसरी मांडीवर घेऊन थोपटली. "ही भरीव आहे," त्यांनी निकाल दिला. "आणि किंमत त्या मरतुकडीच्या निम्मी. बाजारात हलकं जनावर कोणी महाग घेतं का?"

निम्म्या किमतीत दुप्पट माल देणारा माणूस एकतर संत असतो, नाहीतर पळून जाणारा. आणि संत बॅटऱ्या विकत नाहीत. इंजिनियरने आपली बॅटरी ज्या 'ओळखीच्या माणसा'कडून आणली, त्याचं दुकान नव्हतं, पावती नव्हती, बॅटरीवर नाव नव्हतं. चंदेरी मऊ पाकिटं, कशातून उपसून काढलेली कोण जाणे, एकावर एक रचून निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. तीच घेतली. वहिनी दुकानातली परत देऊन आली.

आता माझं पाप सांगतो. ती बॅटरी बसवली माझ्याच दुकानात. तारांमध्ये एक हिरवी पट्टी होती. इंजिनियरने ती कात्रीने कापून काढली.

"ही कशाला होती?" मी विचारलं.

"पाकिटं सारखी भरतात का ते बघते. जास्त भरलं की वीज तोडते. फार नखरे हिचे, मध्येच बंद पाडते."

"आणि चार्जर?"

"जुनाच आहे की, आधीच्या बॅटरीचा."

"मेळ बसतो का त्याचा?"

"प्लग बसतो ना? मग झालं तर."

मी गप्प बसलो. माझ्या दुकानाची वीज त्याच्या मीटरवरून येते, तोंड उघडलं असतं तर अंधारात पंक्चर काढावं लागलं असतं. त्याला नावं ठेवताना हे विसरत नाही मी.

दहा दिवस सायकल वाऱ्यासारखी पळाली. वहिनी सातच्या आत केंद्रावर. इंजिनियर अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला. माझ्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बॅटरीवर व्याख्यान द्यायचा. अकराव्या दिवशी वहिनीने कितीही दाबली तरी बॅटरी सायकलवरच्या खोक्यात बसेना. कडा गोल झाल्या होत्या.

"अंगी लागतंय तिच्या," इंजिनियर म्हणाला. "नवी बॅटरी पोटभर खाते." आणि माझ्याकडची फाटकी ट्यूब नेऊन त्याने तिला करकचून आवळलं.

बाराव्या दिवशी सकाळी धारा काढून वहिनी बॅटरी घ्यायला गेली आणि तिने मला हाक मारली. प्लॅस्टिक उसवलं होतं, पाकिटं उशांसारखी टरटरली होती. तिने नखाने टिचकी मारली. पोकळ आवाज आला. गाईच्या डाव्या कुशीवर असा आवाज आला की गुरं पाळणाऱ्याला कळायचं ते कळतं.

"ही पोटफुगी आहे," ती म्हणाली. "मी हिला हात लावणार नाही. घरातून काढा आधी."

तिचं अगदी बरोबर होतं. पण शहाण्याचं बोलणं मूर्खाच्या हाती लागलं की त्याची काठी होते. म्हातारा लगेच उठून बसला. "पोटफुगी ना? मग टोचा. आपल्या कपिलेला डॉक्टरांनी सुई टोचली, हवा गेली, गाय संध्याकाळी चरायला लागली."

"मीही तेच म्हणणार होतो," इंजिनियर म्हणाला आणि पोती शिवायचं दाभण घेऊन आला.

"भाऊजी, ती गाय नाही."

"बॅटरीतलं तू मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत. पण टोचायचीच तर बाहेर. गोठ्यापासून लांब, त्या वाळूच्या ढिगावर. इथे टोचलीत तर मी दूध ओतून देईन आणि तुमच्या दादाला आत्ता फोन लावीन."

दादाचं नाव निघाल्यावर तो बाहेर गेला. वाळूवर उकिडवा बसला, डॉक्टरांसारखी बाही वर केली आणि दाभण खुपसलं.

हवा गेली. आधी फुस्स झालं, मग गोडसर उग्र वासाचा पांढरा धूर, आणि इंजिनियर उलटा पडायच्या आत हातभर ज्वाळा. एका पाकिटाने दुसरं पेटवलं, दुसऱ्याने तिसरं. त्याची एक भुवई आणि निम्मी मिशी जागच्या जागी गेली. वहिनी फावड्याने वाळू ओढत राहिली, मी मदतीला धावलो. म्हातारा नुसता बघत होता. गोठ्यात हे झालं असतं तर काय, हे तो कोणाला विचारत नव्हता आणि कोणी त्याला सांगितलं नाही.

धूर बसला तेव्हा पावणेसात वाजले होते. वहिनीने फावडं टाकलं, तोंडावर पाणी मारलं आणि कॅन सायकलला अडकवले. मग दिराकडे वळली. एवढं शांत मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊजी, उठा. मागून लावा हात."

"मी? या अवस्थेत?"

"पायांना काही झालेलं नाही तुमच्या."

मी दुकानाला कुलूप घालून मागे गेलो, असा तमाशा रोज बघायला मिळत नाही. ती सीटवर बसून पायडल मारत होती, हा मागून ढकलत होता. मुरमावरून पाय घसरत होता, घाम धुरकटलेल्या तोंडावरून ओघळत होता, दर वळणावर दम खायला थांबू म्हणत होता. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. साडेसातला पाच मिनिटं असताना दूध काट्यावर चढलं. कारकुनाने वास घेतला, मान डोलवली आणि वहीत तिच्या नावापुढे खूण केली. वहिनी भिंतीला टेकली आणि तेव्हा कुठे तिने पदराने तोंड पुसलं.

इंजिनियर नळाखाली डोकं घालून आला. "वहिनी, उद्याच शहरात जातो आणि ती दुकानातली लहान बॅटरी घेऊन येतो," तो हळू आवाजात म्हणाला.

वहिनीने रिकामे कॅन सायकलला अडकवले आणि मागून हात लावायची त्याला खूण केली.

"घाई नाही, भाऊजी. ही चांगली चालतेय."